गाडी धुवायला कार शॅम्पू की स्वयंपाकघरातला सोडा, व्हिनेगर, भांड्यांचं लिक्विड? दोन्ही वापरून झाल्यावरचं माझं मत

कार शॅम्पूची बाटली संपत आली की हा प्रश्न डोक्यात येतोच, की घरात खायचा सोडा पडलाय, व्हिनेगर आहे, भांडी घासायचं लिक्विड तर असतंच असतं, मग गाडीसाठी वेगळा साबण कशाला आणायचा? व्हिडिओत तर सोड्याचं पाणी मारलं की गाडी आरशासारखी दिसते. मी दोन्ही बाजूंनी बराच काळ काढलाय, शॅम्पूवर पण आणि स्वयंपाकघरातल्या डब्यांवर पण, आणि आता एका बाजूला येऊन बसलोय. कुठल्या ते वाचता वाचता कळेलच, पण स्वयंपाकघराची बाजू अगदीच टाकाऊ आहे असं मी म्हणणार नाही, तिथल्या काही गोष्टी आजही माझ्या गाडी धुवायच्या सामानात असतात. बादली, पाईप, मायक्रोफायबर, सावलीत धुणं, टपापासून सुरुवात करून खाली येणं हे सगळं तुम्हाला माहीत आहे असं धरूनच चालतोय, ते परत सांगत बसत नाही.

तुलना करताना लोक बहुतेक एकच बघतात, मळ निघतो का. आता मळ निघायचं म्हणाल तर तो सगळ्यांनीच कमी-जास्त निघतो, नुसत्या जोरदार पाण्याने पण बराचसा निघून जातो. गाडीच्या बाबतीत मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते म्हणजे फडका पत्र्यावरून कसा सरकतो. कारण रंगाच्या वर जो क्लिअर कोट असतो तो साधारण 40-50 मायक्रॉनचा, म्हणजे डोक्यावरच्या केसापेक्षाही पातळ, आणि धुळीतली बारीक वाळू बऱ्याचदा क्वार्ट्झची असते, ती त्या थरापेक्षा कितीतरी कडक. असा एक कण फडक्याखाली सापडला आणि फडका अडखळत ओढला गेला की झालं, मग उन्हात बॉनेटवर ते बारीक गोल-गोल ओरखडे दिसायला लागतात, पांढऱ्या गाडीवर फारसे नाही पण काळ्या किंवा गडद निळ्या गाडीवर दिसल्याशिवाय राहत नाहीत. म्हणून मी जे काय वापरतो त्याच्याकडे याच नजरेने बघतो, घाण सोडवतं का आणि फडक्याखाली गुळगुळीतपणा देतं का. पहिल्या परीक्षेत स्वयंपाकघर चांगल्या मार्कांनी पास होतं. दुसऱ्या परीक्षेत बहुतेक सगळे नापास, एक सोडून.

आधी सोडाच घेऊ कारण सगळ्यात जास्त कौतुक त्याचंच चालू असतं. खायचा सोडा म्हणजे सोडियम बायकार्बोनेट, पाण्यात टाकला की पीएच साधारण 8 च्या आसपास, म्हणजे अगदी सौम्य अल्कली, हाताला काही होत नाही, डोळ्यांना झोंबत नाही, वास नाही. बंपरवर चिकटून वाळलेले किडे, पक्ष्यांनी केलेला प्रताप, दरवाजे उघडल्यावर आतल्या कडेला साचलेला तेलकट काळा मळ, या सगळ्यावर सोड्याच्या पाण्यात भिजवलेला फडका पाच-दहा मिनिटं नुसता ठेवून द्यायचा, घासायचं नाही, मग अलगद उचलला की बरंचसं त्याच्याबरोबर येतं. पक्ष्यांच्या विष्ठेत युरिक ॲसिड असतं आणि ती उन्हात तशीच राहिली तर क्लिअर कोटवर कायमचा डाग पाडू शकते, त्यामुळे तिथे सौम्य अल्कली आणि ओलावा असं दोन्ही एकदम मिळणं बरंच पडतं. इथपर्यंत माझी सोड्याबद्दल काही तक्रार नाही.

एक मात्र बघून घ्या की डब्यात खायचा सोडाच आहे ना. बेकिंग पावडरमध्ये सोड्याबरोबर ॲसिड आणि स्टार्च मिसळलेलं असतं, ती गाडीवर टाकून काहीच मिळत नाही. आणि कपड्यांचा धुण्याचा सोडा तर वेगळाच प्राणी, सोडियम कार्बोनेट, पीएच 11 च्या घरात, ॲल्युमिनियमच्या पट्ट्या आणि चाकं त्याने खराब होऊ शकतात. यातली गंमत अशी की खायच्या सोड्याचं पाणी उकळलं तर कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि तोही हळूहळू त्याच धुण्याच्या सोड्याकडे सरकतो, त्यामुळे 'कडक गरम पाण्यात सोडा' हा जो सल्ला फिरत असतो तो मला पटत नाही. कोमट पुरे झालं.

पण गार किंवा कोमट पाण्यात सोडा विरघळतो का नीट? कागदावर विरघळतो. 20 अंशाच्या एक लिटर पाण्यात 96 ग्रॅमपर्यंत विरघळू शकतो, म्हणजे चार-पाच लिटरच्या बादलीत एक वाटी सोडा आरामात मावायला हवा. प्रत्यक्षात आपण वाटी उपडी करतो, हाताने दोन वेढे मारतो आणि लागतो कामाला, आणि बादलीच्या तळाशी पांढरा गाळ तसाच बसलेला असतो. फडका तळापर्यंत बुडवला की तो गाळ घेऊन वर येतो. हे कण वाळूएवढे कडक नसतात, पण मुळात जे धुवायला आपण बादली भरली त्यात आपणच कण टाकायचे हे मनाला काही पटत नाही बुवा. आणि सोड्याची पेस्ट करून पत्र्यावर चोळायचा सल्ला असेल तर तो सरळ सोडून द्या, पेस्ट म्हणजे न विरघळलेला सोडाच. सोडा किती घासू शकतो याचा अंदाज यावा म्हणून सांगतो, 1980 च्या दशकात स्टॅच्यू ऑफ लिबर्टीची मोठी डागडुजी झाली तेव्हा तांब्याच्या पत्र्याच्या आतल्या बाजूला बसलेला डांबराचा जुना थर काढायला याच सोड्याचा हवेच्या दाबाने मारा केला होता. गाडीचा रंग काढायला पण सोडा ब्लास्टिंग करतात. अर्थात हाताने चोळणं आणि कॉम्प्रेसरने मारणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, तरीपण.

आता मूळ मुद्द्यावर येतो, ज्या एका गोष्टीमुळे सोडा माझ्या मनातून उतरला. ती ओरखडे वगैरे मोठी गोष्ट नाहीच, अगदी क्षुल्लक आहे, पण इतकी वैताग आणणारी की काय सांगू. गाडी सोड्याच्या पाण्याने धुतली, पाईपने खंगाळली, कोरड्या मायक्रोफायबरने पुसली, गाडी झक्क दिसतेय, आपण खूश होऊन आत गेलो, आणि तासाभराने किल्ली घेऊन बाहेर आलो की साईड मिररच्या खालून दरवाजावर एक पांढरी रेघ उतरलेली. बोटाने पुसली की बोटाला पीठ लागतं. मग लक्ष जातं तर दरवाजाच्या हँडलच्या मागच्या खोबणीत पांढरं, डिकीवरच्या मॉडेलच्या नावाच्या अक्षरांच्या कडेकडेने पांढरं, खिडकीच्या खालच्या काळ्या रबरी बीडिंगवर ठिपके ठिपके, आणि वायपरच्या खाली जी काळी प्लॅस्टिकची जाळी असते तिथे तर कुणी पावडर भुरभुरल्यासारखं. काळं प्लॅस्टिक जितकं खरखरीत तितकं जास्त दिसतं, कारण त्या खरखरीत पोतात सोडा रुतून बसतो आणि वरून फडका फिरवला तर निघायच्या ऐवजी पसरतो, आणि काळ्याचं राखाडी होतं.

हे का होतं ते समजायला फार डोकं लागत नाही. गाडीला फटी भरपूर असतात, आरशाच्या आत, बीडिंगच्या मागे, दिव्यांच्या कडेला, आणि धुताना तिथे पाणी शिरून बसतं. साधं पाणी किंवा शॅम्पूचं पाणी पण बसतं आणि ते पण नंतर ओघळतं, पण शॅम्पू बादलीला झाकण-दोन झाकणं, त्यामुळे त्यात वाळल्यावर मागे राहण्यासारखं फार काही नसतं. सोड्याच्या पाण्यात मूठभर मीठच विरघळलेलं असतं म्हणा ना. पाणी उडून जातं, सोडा तिथेच स्फटिक होऊन राहतो, आणि दुसऱ्या दिवशी गाडी चालवली, थोडं दव पडलं की परत विरघळून परत खाली येतो. म्हणजे एकदा धुतल्याचा हिशोब दोन-तीन दिवस चालूच. यावर उपाय आहे, नाही असं नाही, फटींमध्ये पाईप धरून दाबून पाणी मारायचं, आरसे दुमडून-उघडून परत मारायचं, आणि शेवटी त्या काळ्या भागांवरून व्हिनेगरच्या पाण्याचा फडका फिरवायचा, त्याने पांढरं चटकन जातं. पण मग बघा, साबणाचा खर्च वाचवायला निघालो आणि शॅम्पूपेक्षा जास्त पाणी, जास्त वेळ आणि वर अजून एक बाटली असा सगळा खटाटोप झाला. तुमच्या गाडीला काळं प्लॅस्टिक कमी असेल, बंपर पण रंगवलेले असतील, घरी चांगला प्रेशरवाला पाईप असेल तर कदाचित तुम्हाला हे एवढं जाणवणारही नाही, हे मान्य. माझ्या गाडीला चारही बाजूंनी काळं क्लॅडिंग, म्हणजे खालच्या बाजूच्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या, आहे आणि मी त्या पांढऱ्या पिठाला अक्षरशः कंटाळलो.

व्हिनेगरचं प्रकरण वेगळं आहे. ते साबणाला पर्याय म्हणून जे सुचवतात ते मला मुळात समजतच नाही, कारण व्हिनेगर म्हणजे पाणी आणि साधारण 5 टक्के ॲसेटिक ॲसिड, त्यात फेस नाही, तेलकटपणा सोडवायची ताकद नाही, फडका सरकवायला काही नाही. धूळ आणि तेलकट काजळी बसलेल्या बॉनेटवर व्हिनेगरचं पाणी मारून पुसणं म्हणजे ओल्या फडक्याने पुसण्यासारखंच, फक्त वास जास्त. पण एका कामात मात्र त्याच्या तोडीचं दुसरं काही नाही, ते म्हणजे जड पाण्याचे पांढरे गोल डाग. बोअरच्या किंवा क्षार जास्त असलेल्या पाण्याने गाडी धुतली आणि उन्हात वाळली की काचेवर, रंगावर जे ठिपके राहतात ते मुख्यतः कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे कार्बोनेट असतात, शॅम्पूने जात नाहीत, घासून पण जात नाहीत, आणि ॲसिड लागलं की विरघळतात. पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं, फडका ओला करून काचेवर मिनिटभर धरायचा, मग पुसून लगेच भरपूर पाणी. काच अशी होते की वायपर मारल्यावर आवाज बदललेला कळतो. वायपरच्या रबराची कड पण त्याच फडक्याने चिमटीत धरून एकदा ओढून घ्यायची, फडक्यावर जी काळी रेघ येते ती बघून आपल्यालाच कसंतरी होतं.

रंगावर वापरायचं तर मी जरा सावधच असतो. पत्रा गार हवा, ऊन नको, ठिपक्यांपुरतंच लावायचं आणि वाळू द्यायचं नाही, कारण व्हिनेगरचा पीएच अडीचच्या आसपास, वॅक्स असेल तर ते कमी होणारच आणि उन्हात ते पत्र्यावर वाळलं तर पाणी उडून ॲसिड घट्ट होत जातं. कोटिंग नसलेल्या पॉलिश केलेल्या ॲल्युमिनियमच्या चाकांवर नकोच, ती मंद पडतात. आतल्या टचस्क्रीनवर पण नको, तिथे वरचं कोटिंग जायची भीती. आणि काचेवरचे डाग वर्षानुवर्षांचे असतील, काचेतच खोल गेले असतील, तर व्हिनेगरने फार आशा ठेवू नका, ते काम पॉलिशचं.

लिंबू? तेच काम, ॲसिड थोडं वेगळं, आणि वर गर, बिया आणि साखरेचा चिकटपणा. नको. मीठ घालून घासा असं कुणी म्हणालं तर हसून पुढे जा, मीठ आणि लोखंडी पत्रा यांचं वैर सगळ्यांना माहीत आहे.

आणि हो, सोडा आणि व्हिनेगर एकत्र करून तो जो फसफसणारा प्रकार दाखवतात. दिसायला भारी, पण फसफस म्हणजे कार्बन डायऑक्साइड उडून चाललाय, ॲसिडने अल्कलीला मारलं, अल्कलीने ॲसिडला मारलं, आणि बादलीत उरलं सोडियम ॲसिटेटचं पाणी, ज्याने ना मळ सुटतो ना क्षार. तुंबलेल्या सिंकमध्ये त्या फसफसण्याचा थोडाफार धक्का तरी कामाला येत असेल, उघड्या पत्र्यावर त्याचं काय करणार? दोन्ही वापरायचं तर वेगवेगळं वापरा, मध्ये पाणी मारून.

आता तो एक, जो दुसऱ्या परीक्षेत पास होतो. भांड्यांचं लिक्विड. हे तसं 'पदार्थ' नाही, पण स्वयंपाकघरातच असतं आणि शॅम्पू संपल्यावर पहिला हात तिकडेच जातो म्हणून धरतोय. यात आणि कार शॅम्पूत वाटतो तितका फरक नाही, दोन्हीत सर्फॅक्टंटच, म्हणजे तेलकट मळ पाण्यात सोडवणारे साबणासारखे घटकच, काम करतात, बऱ्याच लिक्विडचा पीएच पण न्यूट्रलच्या जवळपास असतो, फेस भरपूर, फडका सरकतो. चार-पाच लिटर पाण्याला चमचाभर टाका, त्यापेक्षा जास्त नाही, आणि शांतपणे गाडी धुवा, काही आभाळ कोसळत नाही. लोक म्हणतात एकदा भांड्यांच्या लिक्विडने धुतलं की वॅक्स साफ उतरतं, माझा अनुभव तसा नाही, एकदा धुतल्यावर पाण्याचे थेंब बॉनेटवर तसेच गोल बसलेले दिसतात, पण सलग तेच वापरत राहिलं की हळूहळू थेंबांचे पसरट डबके व्हायला लागतात, पाणी सरकायचं सोडून साचून राहतं, आणि मग एके दिवशी कळतं की वॅक्स गेलं. रबरी बीडिंग पण थोडी कोरडी पडल्यासारखी वाटतात, हे मात्र माझं वाटणं, मोजून बघितलेलं नाही. त्याचं कामच तेलकट ते सगळं काढणं आहे, त्याला कुठे माहीत की हे तूप आहे का वॅक्स.

आणि एक बारीक गोष्ट, बऱ्याच लिक्विडमध्ये घट्टपणा यावा म्हणून साधं मीठ घातलेलं असतं. त्यावरून घाबरवणारे खूप आहेत, पण चमचाभर लिक्विडमधलं मीठ बादलीभर पाण्यात किती राहणार आणि खंगाळल्यावर त्यातलं किती उरणार, मला तरी त्याची काळजी वाटत नाही. मला त्रास होतो तो फेसाचा. भांड्यांच्या लिक्विडचा फेस जायचं नाव घेत नाही, बंपरच्या खालून, नंबरप्लेटच्या मागून येतच राहतो, आणि खंगाळायला पाणी जास्त लागतं. उलट गाडीला नव्याने वॅक्स किंवा पॉलिश करायचं असेल, जुना थर काढायचाच असेल, तेव्हा मी मुद्दाम भांड्यांचं लिक्विडच घेतो, तिथे ते छान काम करतं.

शॅम्पूबद्दल खरं तर सांगण्यासारखं कमी आहे आणि तेच त्याचं चांगलं म्हणायचं. त्यात सर्फॅक्टंटबरोबर फडका घसरायला मदत करणारे घटक असतात, पीएच बहुतेक न्यूट्रल, फेस मध्यम, आणि एका फवाऱ्यात निघून जातो. हातमोजा बॉनेटवर ठेवला की स्वतःच्या वजनाने सरकतो, दाबावं लागत नाही, हा फरक मला आकड्यात नाही सांगता येणार पण सोड्याच्या पाण्यात फडका हाताला लागत असतो, एक बारीकशी कचकच जाणवते, आणि शॅम्पूत ती जाणवत नाही. गाडी धुवून आत गेलो की प्रकरण संपलं, परत येऊन आरशाखाली बघावं लागत नाही. माझ्यासाठी हे फार मोठं आहे.

तोटे आहेतच. शॅम्पू किड्यांवर आणि डांबराच्या ठिपक्यांवर तसा मवाळच पडतो, तिथे परत स्वयंपाकघराकडे यावं लागतं. जड पाण्याच्या डागांवर तर काहीच करत नाही. 'वॉश अँड वॅक्स' म्हणून जे मिळतात त्यातले काही काचेवर एक धूसर पापुद्रा ठेवतात, रात्री समोरून दिवे आले की कळतं, म्हणून मी साधा, बिनवॅक्सचाच पसंत करतो, वॅक्स करायचं ते वेगळं करतो. आणि लोक शॅम्पू पण ओततात भसाभसा, बाटलीवर लिहिलेलं प्रमाण वाचत नाहीत, मग म्हणतात महाग पडतो. लिहिलेल्या मापाने वापरला तर एक बाटली बघता बघता संपत नाही, सोड्याचा डबाच आधी संपतो, कारण सोडा वाटीने लागतो आणि शॅम्पू झाकणाने.

डांबराचं म्हणालो तर तिथे खायचं तेल खरंच उपयोगी आहे. नव्याने डांबर टाकलेल्या रस्त्यावरून आलं की चाकांच्या मागे खाली जे काळे ठिपके बसतात, त्यावर कापसाने तेल लावून थोडा वेळ ठेवायचं, डांबर मऊ पडतं, नखाने न खरवडता पुसलं जातं, आणि मग तेवढा भाग शॅम्पूने धुवायचा, नाहीतर तेलावर धूळ चिकटून नवीन काळे डाग. डॅशबोर्डला चमक यावी म्हणून तेल लावणारे पण आहेत, त्यांना माझा साष्टांग नमस्कार, पहिला दिवस चमकतो आणि नंतर ती चिकट धूळ, काचेवर पडणारं प्रतिबिंब आणि उन्हात तेलाला येणारा खवट वास. कॉर्नफ्लोअर काचेला चालतं, पाण्यात चिमूटभर आणि थोडं व्हिनेगर, पण वापरण्याआधी दर वेळी बाटली हलवावी लागते आणि नोझल तुंबतं, मला तरी नुसतं व्हिनेगर-पाणीच पुरतं.

स्वयंपाकघरवाल्यांचा एक मुद्दा नेहमी असतो की शॅम्पू गटारात जातो, सोडा कसा निरुपद्रवी. सोड्यापुरतं ते ठीक आहे, पण गाडीवरून जे उतरतं त्यात रस्त्यावरचं तेल, ब्रेकची धूळ, टायरचा चुरा हे सगळं असतंच, सोड्याने धुतली तरी ते पाणी काही झाडांना घालण्यासारखं राहत नाही. आणि मी वर म्हटलं तसं सोडा खंगाळायला पाणी जास्त लागत असेल तर त्याचाही विचार व्हावा.

मग घ्यायचं काय? गाडी नवीन असेल, रंग गडद असेल, वॅक्स किंवा सिरॅमिक कोटिंग केलेलं असेल, तर मला वाटतं पीएच न्यूट्रल शॅम्पूच घ्या, कोटिंगवर एवढा खर्च करून पुन्हा सोड्या-व्हिनेगरचे प्रयोग करण्यात काही अर्थ दिसत नाही. मॅट फिनिश असेल तर स्वयंपाकघराकडे बघूच नका, तिथे चोळलं की चोळलेला भाग चकाकायला लागतो आणि तो परत मॅट होत नाही, त्यासाठी मॅटचाच शॅम्पू येतो. गाडी जुनी आहे, रंग आधीच मंद पडलाय, दोन-तीन महिन्यातून एकदा धुता, तर भांड्यांचं लिक्विड कमी प्रमाणात चालून जाईल, कुणी काही म्हणो. आणि शॅम्पू अगदी आजच संपलाय आणि गाडी नुसती धुळीने माखलीये, तर माझं ऐकाल तर बादलीत काहीच टाकू नका, पाईपने भरपूर साधं पाणी मारा, ओल्या पत्र्यावर ओला स्वच्छ मायक्रोफायबर वजन न देता फिरवा आणि पुसून घ्या, पुढच्या वेळेपर्यंत शॅम्पू येईल. तुमचा अनुभव वेगळा असू शकतो, पाणी कसं आहे, पाईपला प्रेशर किती, गाडीला काळं प्लॅस्टिक किती यावर बरंच अवलंबून आहे.

माझ्याकडे सध्या गाडीच्या सामानात बिनवॅक्सचा शॅम्पू, निम्मं पाणी घातलेल्या व्हिनेगरची स्प्रे बाटली फक्त काचेसाठी, आणि डांबरासाठी तेलाची छोटीशी बाटली एवढंच असतं. सोडा पण आहे, पण तो आता कोरडाच वापरतो आणि फक्त गाडीच्या आत. दूध सांडून आंबलेल्या मॅटवर तो बेस्ट आहे, तो आंबट वास बऱ्याच अंशी ब्युटिरिक ॲसिडसारख्या ॲसिडचा असतो आणि सोडा त्याला तिथेच गप्प करतो. मॅट आधी नीट वाळवायचं, रात्री सोडा भुरभुरून ठेवायचा, सकाळी व्हॅक्यूम मारायचा, आणि व्हॅक्यूमचं तोंड सीटच्या रुळांच्या खाचेत पण घालायचं, तिथे राहिला तर ओलाव्याने त्याचा खडा बनतो आणि सीट मागे-पुढे करताना करकरते.